एका चाचणीचा माग: जनुकीय चाचण्या आणि सरकारी धोरण यांचा देशोदेशींचा अभ्यास कसा करावा

जनुकीय चाचण्यांविषयीच्या धोरणांची तुलना करायला बसलेला अभ्यासक बहुधा आधी एक तक्ता आखतो. डावीकडे देशांची नावे असतात आणि वरती कायदा आहे की नाही, तो कोणत्या वर्षी झाला, शिक्षा किती, असे रकाने असतात. तक्ता भरतो, पण त्यातून फारसे काही उमगत नाही, कारण त्यात तंत्रज्ञानाला जागाच नसते. चाचणी सगळीकडे एकच आहे आणि तिच्याभोवतीचे नियम तेवढे निराळे आहेत, असे त्यात मुकाट्याने गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात पेटंट कोणाकडे, पैसे कोण भरणार, अहवालात काय लिहायचे आणि काय लिहायचे नाही, या निर्णयांतून चाचणी स्वतःच बदलते. आणि चाचणी बदलली की जुन्या कायद्यातील एखादे कलम निरुपयोगी होते किंवा अनपेक्षितपणे कामी येते.

सार्वजनिक आरोग्य, विधी, पत्रकारिता अथवा राज्यशास्त्र या विषयांत प्रबंध किंवा दीर्घ लेख लिहू पाहणाऱ्यांसाठी ही मांडणी आहे. पद्धत थोडक्यात अशी की अभ्यासाचे एकक म्हणून देश किंवा कायदा न घेता एक चाचणी घ्यावी आणि ती एका देशातून दुसऱ्या देशात जाताना काय होत गेली, याचा माग काढावा.

चाचणी कोणती घ्यावी

‘जनुकीय चाचणी’ या एका नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब, लग्नाआधीची वाहक तपासणी (म्हणजे स्वतः निरोगी असून सदोष जनुक पुढच्या पिढीकडे देऊ शकणाऱ्या व्यक्ती ओळखणे), गर्भवतीच्या रक्तावरून केलेली गर्भाच्या गुणसूत्रांची चाचणी, कर्करोगाची आनुवंशिक जोखीम सांगणारी चाचणी आणि लाळेच्या नमुन्यावरून पूर्वजांचा प्रदेश सांगणारी हौशी चाचणी यांचे प्रश्न एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांची एकत्र तुलना केली की निष्कर्ष पातळ होतात.

निवडलेली चाचणी किमान १०-१५ वर्षे वापरात असावी, निदान तीन देशांत पोहोचलेली असावी आणि तिच्यावरून एखादा तरी असा वाद झालेला असावा, ज्याने लेखी पुरावा मागे ठेवला आहे, म्हणजे न्यायालयाचा निकाल, नियामकाचे पत्र किंवा संसदेतील चर्चा. वाद झाला नसेल तर धोरण कोणी, का आणि कोणाच्या विरोधात ठरवले हे कागदावर येत नाही, आणि मग अभ्यासकाला अंदाजावर भागवावे लागते. या कसोट्यांवर तीन चाचण्या उत्तम उतरतात: स्तनाच्या व बीजकोशाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए जनुकांची चाचणी, गर्भवतीच्या रक्तावरून होणारी एनआयपीटी ही चाचणी आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक तपासणी. पुढील विवेचन मुख्यतः यांच्याच आधाराने केले आहे.

दोन रकान्यांची कालरेषा

पहिले काम म्हणजे एका कागदावर दोन उभे रकाने आखणे. एका रकान्यात शोध, यंत्रे, किमती आणि चाचणीची बदलती रूपे लिहावीत; दुसऱ्यात कायदे, निकाल, अनुदाने आणि आदेश लिहावेत. नोंदी तारखेनुसार समोरासमोर याव्यात. ‘कायदा नेहमी तंत्रज्ञानाच्या मागे पडतो’ हे वाक्य आपण सगळेच सवयीने लिहितो. अशी कालरेषा मांडली की ते किती वेळा खोटे ठरते ते दिसते.

बीआरसीएचे उदाहरण घेऊ. १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी आनुवंशिक स्तनकर्करोगाशी संबंधित जनुक १७व्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. १९९४ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातील मिरियड जेनेटिक्स ही कंपनी आणि तिच्या सहकारी संशोधकांनी बीआरसीए-१ वेगळे केले, आणि १९९५ मध्ये ब्रिटनमधील इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चच्या गटाने बीआरसीए-२ची ओळख प्रसिद्ध केली. आता दुसरा रकाना पाहा. त्यातील निर्णायक नोंद या सगळ्याच्या आधीची, १९८० मधील आहे. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आनंद मोहन चक्रवर्ती यांनी घडवलेल्या जिवाणूच्या प्रकरणात सजीवांवरील पेटंटचा मार्ग मोकळा केला, आणि त्याच वर्षी सरकारी अनुदानातून झालेल्या शोधांची पेटंटे विद्यापीठांना घेऊ देणारा बे-डोल कायदाही आला. म्हणजे येथे धोरण आधीपासून उभे होते आणि तंत्रज्ञान त्या साच्यात येऊन बसले.

या साच्यामुळे अमेरिकेत बीआरसीए चाचणी एकाच कंपनीची झाली. कोणत्याही डॉक्टरने लिहून दिली की नमुना त्या एका प्रयोगशाळेत जाई, दोन्ही जनुकांचे संपूर्ण वाचन होई आणि पूर्ण चाचणीची किंमत पुढे ३,००० डॉलरच्या वर गेली. ब्रिटनमध्ये त्याच जनुकांची चाचणी राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या प्रादेशिक जनुकीय केंद्रांतून सुरू झाली. तेथे आधी घराण्याचा आजारांचा इतिहास पाहिला जाई, जोखीम जास्त असलेल्यांनाच समुपदेशनासाठी पाठवले जाई आणि त्यानंतर चाचणीचा प्रश्न येई. एका ठिकाणी चाचणी ही ग्राहकाने विकत घेण्याची माहिती होती, तर दुसऱ्या ठिकाणी ती रुग्णसेवेच्या एका लांब प्रक्रियेतील शेवटचा टप्पा होती. हा फरक जनुकशास्त्रातून आलेला नाही. एका देशात पेटंट आणि खासगी विमा होता, तर दुसऱ्यात मर्यादित अंदाजपत्रकातून सर्वांना सेवा देण्याचे बंधन होते, यातून तो आला.

कालरेषा पुढे नेली की बाकीचे देश आपापल्या वेळी तीत येतात. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने २००३ मध्ये कंपनीच्या दाव्याला न जुमानता आपल्या सार्वजनिक प्रयोगशाळांत चाचणी चालूच ठेवली. पॅरिसच्या क्युरी संस्थेने इतरांसह युरोपीय पेटंट कार्यालयात हरकत घेतली. २००४ मध्ये एक प्रमुख पेटंट रद्द झाले आणि २००८ मध्ये ते मर्यादित रूपात पुन्हा मान्य झाले. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की निसर्गात असलेला डीएनए केवळ वेगळा काढला म्हणून त्यावर पेटंट मिळणार नाही, मात्र प्रयोगशाळेत तयार केलेल्या पूरक डीएनएवर मिळू शकेल. निकाल लागताच दुसऱ्या प्रयोगशाळांनी त्याच दिवशी स्वस्त चाचण्या जाहीर केल्या. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने, जे तेथील सर्वोच्च न्यायालयच आहे, २०१५ मध्ये जवळपास त्याच दिशेने निर्णय दिला.

बहुतेक लेख येथे थांबतात, पण थांबू नये. पेटंट गेले तरी मधल्या वर्षांत हजारो रुग्णांच्या नमुन्यांतून जनुकातील कोणता बदल घातक आणि कोणता निरुपद्रवी याची जी माहिती एका कंपनीकडे साचली होती, ती पेटंटबरोबर खुली झाली नाही. अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन यंत्रणेने २०१३ मध्ये सुरू केलेल्या क्लिनव्हार या खुल्या संग्रहाचे महत्त्व त्यामुळेच मोठे आहे. आजही बीआरसीए अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो आणि युरोपीय वंशाबाहेरच्या लोकांच्या अहवालांत तो अधिक येतो, कारण जागतिक संग्रहांत त्यांचे नमुने कमी आहेत. पुण्या-मुंबईतील एखाद्या कुटुंबाला असा शेरा मिळतो तेव्हा त्यामागे विज्ञानाची मर्यादा असतेच, पण आधीच्या काही दशकांत कोणत्या देशाने कोणाच्या नमुन्यांवर पैसे खर्च केले, याचा हिशेबही असतो. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या जीनोम इंडिया प्रकल्पात १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांचे वाचन झाले आणि ही माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली करण्यात आली. ती नोंद याच कालरेषेत जाते.

पाच प्रश्न

कालरेषा तयार झाल्यावर प्रत्येक देशाला तेच पाच प्रश्न विचारावेत. चाचणीवर मालकी कोणाची? ती बाजारात आणण्याची परवानगी कोण देते? ती कोणाच्या सांगण्यावरून करता येते? पैसे कोण भरते? आणि निकाल कोण मागू शकते? पाचही प्रश्नांना सारखी जागा देण्याची गरज नाही. प्रत्येक चाचणीत यांपैकी एखाद-दोन प्रश्नच निर्णायक असतात आणि ते कोणते हे ओळखणे हेच खरे काम आहे. मालकीचा प्रश्न बीआरसीएत निर्णायक होता; सिकलसेलमध्ये तो जवळजवळ उद्भवतच नाही.

परवानगीच्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे घरपोच लाळचाचणी विकणारी ट्वेंटीथ्री-अँड-मी ही कंपनी. २२ नोव्हेंबर २०१३ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, तिला पत्र पाठवून आरोग्यविषयक अहवालांची विक्री थांबवायला सांगितले. कंपनीने अमेरिकेत नव्या ग्राहकांना केवळ वंशविषयक माहिती देणे चालू ठेवले, आणि डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये आरोग्य अहवालांसह तेच उत्पादन विकायला काढले. त्याच प्रकारच्या लाळेच्या नमुन्यावरचा आरोग्य अहवाल अटलांटिकच्या एका काठावर विकता येत नव्हता आणि दुसऱ्या काठावर विकला जात होता. २०१७ मध्ये एफडीएने दहा आजारांच्या जोखमीचे अहवाल मान्य केले आणि मार्च २०१८ मध्ये बीआरसीएच्या केवळ तीन बदलांचा अहवाल मान्य केला. हे तीन बदल प्रामुख्याने अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपीय मुळाच्या, ज्यू समाजात आढळतात. साताऱ्याहून न्यू जर्सीला स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी बाईला त्या अहवालात ‘बदल आढळला नाही’ असे वाचायला मिळाले, तर तिच्या जोखमीविषयी तिला जवळजवळ काहीच कळलेले नसते. नियामकाने सिद्ध करण्याजोगे तेवढेच मान्य केले हे त्याच्या बाजूने रास्त होते. पण त्यातून जे उत्पादन तयार झाले ते एका समाजासाठी उपयोगी आणि बाकीच्यांसाठी दिशाभूल करणारे ठरू शकते. परवानगीच्या प्रक्रियेनेच चाचणीचा आकार ठरवला, असे म्हणतात ते याला.

चाचणी कोणाच्या सांगण्यावरून होते हा प्रश्न जर्मनी आणि फ्रान्समध्ये महत्त्वाचा आहे. जर्मनीचा जनुकीय निदान कायदा १ फेब्रुवारी २०१० पासून लागू झाला आणि त्यानुसार वैद्यकीय हेतूची जनुकीय चाचणी डॉक्टरच करू शकतो. वयाच्या १८ वर्षांनंतरच प्रकट होणाऱ्या आजारांसाठी गर्भाची चाचणी करण्यास तेथे मनाई आहे. फ्रान्स त्याही पुढे गेला आहे. वैद्यकीय, न्यायालयीन वा संशोधनाच्या चौकटीबाहेर स्वतःची जनुकीय तपासणी करवून घेणाऱ्या नागरिकालाच तेथे ३,७५० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही फ्रेंच नागरिक परदेशी कंपन्यांकडून लाळचाचण्या मागवतात. केवळ कायद्याचा मजकूर वाचून ‘फ्रान्समध्ये अशा चाचण्या होत नाहीत’ असे लिहिणारा अभ्यासक येथेच फसतो.

पैशाच्या प्रश्नाकडे विधीचे विद्यार्थी सहसा दुर्लक्ष करतात, पण एनआयपीटीच्या बाबतीत निर्बंधांपेक्षा खर्चाच्या निर्णयांनी अधिक काम केले आहे. जर्मनीत ही चाचणी ऑगस्ट २०१२ मध्ये बाजारात आली आणि दहा वर्षांनी, जुलै २०२२ पासून, सार्वजनिक आरोग्य विम्यात समाविष्ट झाली. मधल्या दशकात ज्यांना परवडत होती त्यांनी ती केली. नेदरलँड्समध्ये लोकसंख्या तपासणीच्या जुन्या कायद्यामुळे परवान्याशिवाय अशी चाचणी सर्वांना देता येत नव्हती, म्हणून ती आधी २०१४ मध्ये जोखीम असलेल्यांसाठी आणि मग २०१७ मध्ये सर्व गर्भवतींसाठी संशोधन प्रकल्पाच्या रूपात देण्यात आली. याचा उपफायदा असा झाला की त्या देशाकडे चाचणीच्या परिणामांची पद्धतशीर माहिती गोळा झाली, जी केवळ बाजारावर सोडलेल्या देशांकडे नाही.

निकाल कोण मागू शकते

या प्रश्नावर जरा अधिक वेळ द्यावा, कारण देशांची मूळ रचना येथे सर्वांत स्पष्ट दिसते. अमेरिकेत जनुकीय भेदभावविरोधी कायदा, ज्याला जीना म्हणतात, १९९५ पासून मांडला जात होता आणि २१ मे २००८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या सहीने तो झाला. तो आरोग्य विमा आणि नोकरी या दोन क्षेत्रांना लागू आहे. जीवन विमा, अपंगत्व विमा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा त्याच्या बाहेर आहेत. ही निवड लहरी नव्हती. अमेरिकेत बहुसंख्य कामकरी कुटुंबांचा आरोग्य विमा नोकरीशी बांधलेला आहे, म्हणून मालकाला कर्मचाऱ्याची जनुकीय माहिती मिळणे हा तेथे जिवाचा प्रश्न होता.

ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा असल्याने आरोग्य विम्याची भीती नव्हती आणि वाद जीवन विम्यावर झाला. तेथे कायद्याऐवजी सरकार आणि विमा कंपन्यांच्या संघटनेत करार झाला. त्या करारानुसार भविष्यातील आजार सांगणाऱ्या चाचण्यांपैकी फक्त हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराच्या चाचणीचा निकाल, आणि तोही ५ लाख पौंडांपेक्षा मोठ्या जीवन विम्यासाठी, कंपनी विचारू शकते. जर्मनीने तो उंबरठा ३ लाख युरोंवर ठेवला आहे. कॅनडाने २०१७ मध्ये फौजदारी कायदा केला, ज्यात जबरदस्तीने चाचणी करायला लावणाऱ्यास १० लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. क्वेबेक प्रांताने तो संघराज्याच्या अधिकाराबाहेरचा असल्याचा आक्षेप घेतला आणि २०२० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने कायदा कायम ठेवला. अशा निकालात अल्पमतातील न्यायमूर्तींचे म्हणणेही वाचावे. बरेचदा खरा मुद्दा त्यातच उघड होतो.

भारतात या विषयावर स्वतंत्र कायदा नाही. हृदयाच्या आनुवंशिक विकाराने आजारी असलेल्या एका विमाधारकाचा दावा ‘जनुकीय विकार वगळले आहेत’ या अटीवर नाकारला गेला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी २६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेल्या निकालात अशी सरसकट अट घटनेच्या १४व्या कलमाचा भंग करणारी ठरवली. पुढच्याच महिन्यात विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना त्या अटीवरून दावे नाकारू नयेत असे कळवले, आणि नंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या आधीच्या मसुद्यांत जनुकीय माहितीला ‘संवेदनशील’ असा वेगळा दर्जा होता. २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्यात असा वेगळा वर्गच उरला नाही. मसुद्यातून काय गळाले हे पाहण्यासाठी अंतिम कायद्याबरोबर आधीची विधेयकेही शेजारी ठेवून वाचावी लागतात. ही सवय अभ्यासकाने लवकर लावून घ्यावी.

उलट्या दिशेचा प्रवास

तंत्रज्ञानाने कायद्याला कसे वळवले, हे पाहायला इराणसारखे उदाहरण क्वचित मिळते. तेथे १९९७ पासून लग्नाआधी थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी सक्तीची झाली. पद्धत साधी आणि स्वस्त होती. आधी वराच्या रक्तपेशींचा आकार साध्या रक्तचाचणीत पाहायचा, त्या लहान आढळल्या तर वधूची तपासणी करायची, आणि दोघेही वाहक निघाले तर त्यांना समुपदेशनासाठी पाठवायचे. लग्न मोडावे अशी योजनाकारांची अपेक्षा होती. पण बऱ्याच जोडप्यांनी लग्न केलेच आणि गर्भाची तपासणी करून घेण्याची मागणी पुढे केली. तपासणी शक्य झाल्यावर तिच्या निकालाचे काय करायचे हा प्रश्न टाळता येईना, म्हणून आधी धर्मशास्त्रींचे अनुकूल मत आणि मग २००५ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आला, ज्याने गंभीर विकारात चार महिन्यांपर्यंत परवानगी दिली. २०२१ मध्ये लोकसंख्यावाढीच्या धोरणाखाली त्याच मोकळिकीवर पुन्हा बंधने आली. ही घटनामाला ‘इस्लामी देशाचे धोरण’ अशा एका खोक्यात बसत नाही, आणि बसवूही नये.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. गर्भजल परीक्षा भारतात १९७० च्या दशकात आली. सरकारी रुग्णालयांत लिंगनिदानासाठी तिचा वापर बंद केल्यावर ती खासगी दवाखान्यांत फोफावली. मुंबईत १९८० च्या दशकात स्त्री संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्त्यांनी चालवलेल्या मोहिमेतून महाराष्ट्राने १९८८ मध्ये लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्रीय कायदा संमत झाला. तोवर लिंगनिदानाचे मुख्य साधन गर्भजल परीक्षेऐवजी सोनोग्राफी झाले होते. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमधील प्रमाण देशात हजार मुलांमागे ९२७ मुलींवर आले आणि महाराष्ट्रात ते ९४६ वरून ९१३ पर्यंत घसरले. मुंबईची सेहत व पुण्याची मासूम या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेच्या पाठोपाठ २००३ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि गर्भधारणेपूर्वीची तंत्रेही त्याच्या कक्षेत आली.

आता त्या कायद्याची व्याख्यांची कलमे काढून वाचावीत. तपासणीसाठी घेतल्या जाणाऱ्या नमुन्यांत गर्भजल, गर्भवेष्टनाचे तंतू यांच्याबरोबर ‘रक्त’ही घातलेले आहे. एनआयपीटी तेव्हा बाजारात नव्हती. ती २०११ च्या सुमारास आली. तरीही त्या एका विस्तृत व्याख्येमुळे ती आपसूक कायद्याखाली आली. संशोधक डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये गर्भाचा डीएनए आईच्या रक्तद्रवात तरंगत असतो हे दाखवले ते वाय गुणसूत्राचे तुकडे शोधूनच, म्हणजे पोटात मुलगा आहे हे ओळखूनच. भारतात या चाचणीच्या अहवालात नेमकी तीच माहिती देता येत नाही. यंत्राला जे दिसते ते अहवालात उतरू नये अशी व्यवस्था प्रयोगशाळेला करावी लागते.

त्याच कायद्यातील दुसरी अट मात्र काळाच्या मागे राहिली आहे. प्रसूतीपूर्व निदानासाठी गर्भवतीचे वय ३५ पेक्षा जास्त असणे ही कायद्याने मान्य केलेल्या कारणांपैकी एक आहे. वैद्यकातील हा ३५ चा आकडा सुई घालून केलेल्या गर्भजल परीक्षेतील गर्भपाताचा धोका आणि डाउन सिंड्रोमची शक्यता यांच्या तुलनेतून रूढ झालेला आहे. केवळ दंडातून रक्त घ्यायच्या चाचणीला तो हिशेब लागू पडत नाही. एकाच कायद्यातील एक कलम पुढच्या तंत्राला पुरून उरते आणि दुसरे मागच्या तंत्रात अडकून राहते, हे अशा बारकाईच्या वाचनाशिवाय दिसत नाही.

जोडी लावताना

देशांची जोडी निवडताना केवळ श्रीमंत विरुद्ध गरीब किंवा पूर्व विरुद्ध पश्चिम असा विरोध घेऊ नये. चाचणी जवळजवळ सारखी आणि सामाजिक रचना वेगळी, असे पाहावे. सिकलसेल येथे उपयोगी पडते. अमेरिकेत १९७० च्या सुमारास स्वस्त विद्राव्यता चाचणी (रक्तातील सिकल हिमोग्लोबिन द्रावणात विरघळते का हे पाहणारी) आली आणि अनेक राज्यांनी घाईघाईने कृष्णवर्णीयांसाठी सक्तीच्या तपासणीचे कायदे केले. ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही, आणि काही कायद्यांनीही तो केला नाही. परिणामी निरोगी वाहकांना विमा आणि नोकरीत अडचणी आल्या. हवाई दलाच्या अकादमीत वाहकांना १९८१ पर्यंत प्रवेश नव्हता. १९७२ च्या केंद्रीय कायद्याने अनुदान देताना तपासणी ऐच्छिक असण्याची अट घातली. पुढे ३६ वर्षांनी जीना झाला तेव्हा त्याच्या प्रास्ताविक निष्कर्षांत सिकलसेलच्या या इतिहासाचा उल्लेख आहे.

भारतात १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. १७ राज्यांत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत आजार संपवणे हे तिचे उद्दिष्ट आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या जिल्ह्यांतील आदिवासी आणि विदर्भातील दलित समाजांत हा आजार जुना आहे. येथे विद्राव्यता चाचणीनंतर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या पद्धतींनी खात्री केली जाते आणि लोकांना स्थितीदर्शक कार्डे दिली जातात, म्हणजे अमेरिकेतील तांत्रिक घोळ येथे बराच टळतो. उरतो तो सामाजिक प्रश्न. वाहक असलेल्या मुलीच्या हाती ते कार्ड आले की लग्नाच्या बोलणीत त्याचे काय होते आणि मुलाच्या कार्डाचे काय होते, हे आरोग्य सेविका आणि समुपदेशकांच्या मुलाखतींतूनच कळेल. सरकारी अहवालांत तपासलेल्यांची संख्या असते. मोडलेल्या सोयरिकींची नसते.

कागदपत्रे आणि तारखा

मूळ कागद गोळा करताना कायदा, निकाल आणि परिपत्रके यांच्या जोडीला चार साध्या गोष्टी अवश्य मिळवाव्यात: चाचणीचा नमुना अहवाल, संमतिपत्र, दरपत्रक आणि प्रयोगशाळेला भरावा लागणारा सरकारी अर्ज. इंग्लंडच्या आरोग्य सेवेची जनुकीय चाचण्यांची अधिकृत सूची खुली आहे आणि कोणती चाचणी कोणत्या लक्षणांवर मिळते हे तीत लिहिलेले असते. भारतातील निकाल आणि राजपत्रेही संकेतस्थळांवर सापडतात. खासगी प्रयोगशाळांची संमतिपत्रे मिळवायला चिकाटी लागते. नमुना पुढे संशोधनासाठी वापरला जाईल का, परदेशी पाठवला जाईल का, कंपनी विकली गेल्यास माहितीचे काय होईल, ही वाक्ये त्यांत शोधावीत. शेवटचा प्रश्न पूर्वी काल्पनिक वाटायचा. मार्च २०२५ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि लक्षावधी लोकांची जनुकीय माहिती मालमत्ता म्हणून विक्रीच्या यादीत आली, तेव्हा अनेक राज्यांच्या महाधिवक्त्यांनी नागरिकांना आपली माहिती पुसून टाकण्याचे आवाहन केले.

आपल्या लेखातील प्रत्येक विधानाला तारीख जोडावी. एफडीएने प्रयोगशाळांच्या स्वतःच्या चाचण्यांवर नियंत्रण आणणारा नियम मे २०२४ मध्ये काढला आणि ३१ मार्च २०२५ रोजी टेक्सासमधील संघीय न्यायालयाने तो रद्द केला. मधल्या अकरा महिन्यांत लिहिलेले कितीतरी लेख आज चुकीची माहिती देतात. ऑस्ट्रेलियाने सप्टेंबर २०२४ मध्ये जीवन विम्यात जनुकीय निकालांचा वापर बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, आणि घोषणा व अंमलबजावणी या दोन वेगळ्या तारखा असतात. भारतातील डीएनए तंत्रज्ञान विधेयक (व्यक्तींची ओळख पटवण्यासाठी डीएनएच्या वापराचे नियमन करणारे) २०१९ मध्ये मांडले गेले आणि २०२३ मध्ये मागे घेतले गेले, तरी ‘प्रस्तावित कायदा’ म्हणून त्याचा हवाला देणारे प्रबंध अजून भेटतात. मसुदा मार्गदर्शकाकडे देण्याआधी प्रत्येक कायद्याची, नियमाची आणि विधेयकाची सद्यस्थिती त्या-त्या देशाच्या अधिकृत राजपत्रात पुन्हा तपासावी, आणि तपासणीचा दिनांक तळटीपेत लिहावा.